खर्जाचं बटण

दुकानदारानं गिटारच्या दुसऱ्या अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाज खाली आणला आणि ती आपसूक म्हणाली, “हा. हाच घेऊ.” आणि वर पाहिलं, तर नवरा दुकानदाराकडे बघत होता आणि दुकानदार नवऱ्याकडे. क्षणभरच. पाहुण्यांसमोर घरातलं लेकरू भलतंच काही बोलून जातं आणि मोठी माणसं नुसत्या नजरेनं एकमेकांना सावरून घेतात, तसं. तिच्या मांडीवरच्या गिटारची तार अजून थरथरत होती. ती थरथर तिला बरगडीत कळत होती. नवऱ्याच्या कडेवर ठकू, त्यांची लेक, त्याच्या शर्टाची गुंडी चोखत होती. “तो पहिला अजून एकदा ऐकतेस?” नवरा म्हणाला. “ऐकला की. कोरडा आहे. नुसती हाडं.” “कोरडा?” दुकानदार हसला. “बाई, येईल तो त्याच्यावर लट्टू होऊन जातोय. काचेच्या ग्लासावर चमचा वाजवावा तसा बोलतो तो. आणि हा तुमचा म्हणजे पोटभर जेवून आडवा झालेला माणूस. त्यात तुम्ही खर्जाचं बटण पार टोकाला नेलंय.” तिनं खाली पाहिलं. खरंच, बटणावरची पांढरी रेघ शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली होती, आणि आपण ते कधी फिरवलं हे तिला आठवेना. “व्हॉल्व्हचा आवाज असाच असतो,” ती म्हणाली. “भरलेला.” सासरच्या कुणी माहेरच्या माणसाला नावं ठेवल्यावर बोलावं, तसा तिचा सूर लागला होता. नवऱ्यानं ठकूला दुसऱ्या कडेवर घेतलं. “तुला वाजवायचाय, तुला आवडला, विषय संपला,” तो म्हणाला. “फक्त उचलणार कोण ते आत्ताच ठरवू.” दुकानदारही हसला, आणि ती नजर जणू झालीच नव्हती. पण ती डोक्यावरच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा गरगर फिरत होता. त्याची पाती जुनी होती, एक जरा वाकडी होती, आणि असला पंखा खडखड केल्याशिवाय राहत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो तिला गप्पच वाटत होता.

अँप घरी आला आणि खिडकीखाली, पुस्तकांच्या फळीशेजारी बसला. बसला म्हणजे बसलाच, दोघांनी धरून आणताना नवऱ्याची कंबर धरली आणि तो म्हणाला, “आता हा इथून हलणार नाही. घर विकलं तर ह्याच्यासकट विकू.” नवरा लिफ्टची तपासणी करायचा. दिवसभर इमारतींच्या माथ्यावरच्या यंत्रखोल्यांमध्ये उभा राहून तारदोर कसे बोलतात ते ऐकायचा, आणि घरी आल्यावरही त्याच्या बोटांना वंगणाचा वास यायचा. ठकूच्या वेळी दिवस गेले तेव्हा पाळण्याला जागा हवी म्हणून तिनं तिचा जुना अँप देऊन टाकला होता. तो साधा होता, बटण दाबलं की बोलायचा, बंद केला की गप्प. हा तसा नव्हता. ह्याला आधी जागं करावं लागायचं. पहिलं बटण दाबलं की मागच्या जाळीतून आत बघायचं: काचेच्या नळ्यांमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, तांबूस ठिणगी दिसायची, मग तिची ज्योत व्हायची, मग लाकडाला आणि धुळीला ऊब लागून एक वास सुटायचा, इस्त्रीखाली नुकत्याच आलेल्या चादरीसारखा. मग दुसरं बटण. नवरा म्हणायचा, “घरात एक गरम डोक्याचं माणूस होतंच, आता दोन झाली.” दुपारी ठकू झोपली की तिचा तास सुरू व्हायचा. त्या तासात औषधांच्या खोक्यांवर छापायचा मजकूर तपासायचं काम असायचं. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जायचा, म्हणून डोळे रुतवून वाचावं लागायचं. ते उरकून जो तुकडा उरेल तो गिटारचा. आवाज बारीक ठेवायचा, झोपेला धक्का लागू नये इतका, आणि तिथेच गाडं अडायचं. व्हॉल्व्हचा अँप बारीक आवाजात मन लावून बोलतच नाही. त्याला दम लागेपर्यंत वर चढवावं तेव्हा कुठे त्याचा गळा उघडतो, सूर किंचित फाटतो आणि त्या फाटण्यात गोडवा येतो. म्हणून ती त्याच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर बसायची, गुडघे त्याच्या जाळीच्या कापडाला टेकवून, आणि खर्जाचं बटण टोकाला असायचं, आणि गुडघ्यांतून वर येणारं ते घुमणं तिला पुरायचं. एखाद्या जिवंत, उबदार जनावराला खेटून बसावं तसं वाटायचं.

पुरत नव्हतं हे तिला कळायला वेळ लागला. किंवा कळत होतं आणि ती त्याला वेगवेगळी नावं देत होती. ठकू झाली त्यानंतर जग एक पाऊल मागे सरकून उभं राहिलं होतं. माणसं बोलायची तेव्हा शब्दांवरून कुणीतरी लोकरीचा हात फिरवल्यासारखं वाटायचं. उलट ती स्वतः मात्र आतून मोठी झाली होती. गाजर खाल्लं तर डोक्यात कुणी लाकूड तोडतंय. पायऱ्या उतरताना टाचा कवटीत वाजायच्या. आणि स्वतःचा आवाज इतका जवळ, की ती हळू बोलायला लागली. आपण ओरडतोय असं वाटायचं. शेजारीण म्हणाली, “आई झाल्यावर किती शांत झालीस गं.” ते तिला आवडलं होतं. बाळंतपणानंतर असं होतंच, झोप नाही, रक्त कमी, सगळ्यांनाच होतं, असं ती मनाशी म्हणायची आणि मग पुरावा म्हणून बस आठवायची. बसमध्ये, इंजिनाच्या घरघरीत, तिला सगळं नीट ऐकू यायचं; कंडक्टर काय म्हणाला, मागच्या दोघी कुणाच्या सुनेबद्दल काय बोलल्या, शब्द न् शब्द. कान गेलेल्या माणसाला बसमध्ये ऐकू येतं होय? गोंगाटात बाकीचेच जोरानं बोलतात आणि आपल्यापुरती घरघर वजा होते, हे तिच्या लक्षात येत नव्हतं. तसंच बँडमध्ये. सुट्टीच्या दिवशी जुनी मंडळी एका बंद पडलेल्या गोदामात जमायची. तिथे ती पट्टीची वाजवायची, कुणाची चूक झाली तर मान वळवून बघायची. फक्त ड्रम वाजवणारा, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, एकदा काड्या खाली ठेवून म्हणाला, “बाई गं, माझं काम तूच करतेयस. भिंती हादरतायत. एवढा खर्ज कशाला? गिटार आहे की रणगाडा?” सगळे हसले. तीही हसली, आणि तिथल्या अँपचं बटण दोन घरं मागे घेतलं. मागे घेताच गिटार खोलीतून उठून गेल्यासारखी झाली. उरलेला वेळ ती बोटांच्या भरवशावर वाजवत राहिली.

मग तिनं व्हॉल्व्हना धरलं. व्हॉल्व्ह म्हाताऱ्या होतात, हे तर खरंच आहे. आवाज पातळ होतो, जीव जातो. घरी वाजवताना रोज थोडा थोडा जीव जातोय असं तिला वाटायचं, रोज ती थोडी पुढे सरकून बसायची. शेवटी ठकूला पोटाशी बांधून तिनं व्हॉल्व्हांची जोडी फडक्यात गुंडाळून दुकानात नेली. दुकानदारानं एकेक काढून तपासायच्या पेटीत बसवली, काटा हलला, तो म्हणाला, “ठणठणीत आहेत. नवऱ्या मुलीसारख्या.” “पण आवाज उतरलाय.” “अँप आणा, बघू.” “तो आणायचा म्हणजे चार माणसं लागतात.” “मग नव्या घालून बघा,” तो म्हणाला, आणि तिनं नव्या घेतल्या, आणि घरी येऊन घातल्या, आणि पहिल्या दुपारी आवाज खरोखर सुधारला. खिडकी उघडी होती आणि रस्त्यावर खोदकाम चालू होतं. दुसऱ्या दुपारी खोदकाम थांबलं. “नव्या पण बाद निघाल्या,” ती संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली. तो ठकूचे पाय धूत होता. त्यानं मागे न बघता काहीतरी म्हटलं. “काय?” तो वळला. “म्हटलं, मला तर घुमल्यासारखा वाटतो. आपल्या खालच्या मजल्यावरची माणसं फार चांगली आहेत, एवढंच म्हणतो.” “तुला लिफ्टा कळतात,” ती म्हणाली. “ह्याला लाकडी आवाज म्हणतात.” तो टॉवेलात गुंडाळलेल्या लेकीच्या पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिला, आणि तिला वाटलं, आता हा विचारणार. तो विचारू नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. त्यानं विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर दिलं की ते खरं झालं असतं: बँड गेला, अँप गेला, ते एक वेळ सोड, पण शेजारच्या खोलीत पोर रडतंय आणि आईला पत्ता नाही, ही बाई घरात एकटी कशी ठेवायची, असा प्रश्न निघाला असता. तो त्यानं काढला नसता. तिनंच काढला असता.

हे असं कितीतरी दिवस चाललं असतं. पण एका सकाळी ती ओट्याशी उभी राहून दूध तापवत होती, खिडकी बंद होती आणि काचेत मागची खोली दिसत होती. काचेत ठकू आली. दारात उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दोन अक्षरांचं तोंड, ते आईला काचेतही वाचता आलं. ती वळणार होती. पण का कोण जाणे, वळली नाही. काय होतं ते बघत राहिली. ठकू रडली नाही, रुसली नाही. तिनं जरा वाट पाहिली, आणि मग अगदी सरावानं, चप्पल घालावी इतक्या सहज, दोन्ही पायांनी उडी मारून जमिनीवर आदळली. आईच्या तळपायांना ते कळलं. ती वळली आणि ठकू हसली, दोन्ही हात वर करून, उचल म्हणून. पोरीनं कुणालाही न विचारता शोधून काढलं होतं. आईला बोलवायचं तर असं बोलवायचं. ती लेकीला उचलून तिथेच खाली बसली, दूध उतू गेलं, आणि तिला आठवली ती दुसरी जमीन, लहानपणीच्या घरातली, लाकडी, आणि तिच्यावर आदळणारे आपले पाय. घरात तिचं नाव घोडी होतं. काय हवं ते तोंडानं सांगता येत नाही का, आदळआपट कसली, असं सगळे म्हणायचे. फक्त तिची आई कधी म्हणायची नाही. आई वळायची आणि हसायची. आई हळू बोलायची, इतकी हळू की लोक कान पुढे करायचे आणि म्हणायचे, काय गोड स्वभाव. लग्नाआधी ती गायची म्हणे. मुलगी झाल्यावर गाणं सुटलं, संसारात कुणाचं राहतं, असं त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. आणि पलीकडच्या खोलीतून हाक मारली तर आई ओ द्यायची नाही. मारत राहा हाका. त्या न दिलेल्या ओचं केवढं मोठं घर तिनं मनात बांधून ठेवलं होतं. शाळेतला पहिला कार्यक्रम, कॉलेजातला, मग गोदामातली मंडळी जमल्यावरचा, आई दर वेळी पहिल्या रांगेत बसायची, मान हलवायची आणि नंतर म्हणायची, “छान.” बस्स. कधी विचारलं नाही की ते मधलं काय होतं, कधी म्हटलं नाही की आज जमलं नाही गं. तिला वाटायचं, आईला माझ्यात रस नाही. मोठी होता होता तीही मग आईला फारसं काही सांगेनाशी झाली. फोनवर तर बोलणं कधी लांबलंच नाही. आई हो हो म्हणायची आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायची, आणि ती मनात म्हणायची, लक्षच नाही. ठकूचे केस हुंगत, जळक्या दुधाच्या वासात, तिच्या मनातलं ते घर भिंती-भिंतींनी खाली यायला लागलं, आणि त्याखाली कुणी दोषी माणूस सापडेना. पहिल्या रांगेत बसलेली एक बाई, लेकीच्या बोटांकडे डोळे लावून बसलेली, एवढंच दिसत होतं.

तिनं आईला बोलावून घेतलं. का, ते सांगितलं नाही. फोनवर सांगून उपयोग नव्हता. “ठकूला तुझी आठवण येते,” एवढंच तिनं आईच्या शेजारणीला फोन करून आईच्या कानाशी ओरडून सांगायला लावलं. आई आली ती पिशवीभर विणकाम घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाली, “किती वाळलीस,” इतकं हळू, की लेकीनं ओठ वाचले. दोघी एकमेकींच्या ओठांकडे बघत चहा प्यायल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, केवढी माया. माया होतीच. पण विषय निघेना. आई, तुला ऐकू येत नाही ना, हे कोणत्या तोंडानं विचारायचं, आणि लगोलग पुढचं वाक्य कसं बोलायचं? आईनं एवढी वर्षं जपलेली गोष्ट आपण पाहुणीसारखं दार ढकलून बघायची? ठकूला असला प्रश्न पडला नव्हता. ती आजीला हाक मारायचीच नाही. सरळ जाऊन बोट धरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा लवकर घरी आला, तेव्हा अँप तापत होता, ती वाजवायला बसत होती, आणि आई खुर्चीत, पहिल्या रांगेतल्यासारखी, हात मांडीवर ठेवून, चेहरा तयार करून बसली होती. ती वाजवायला लागली. आईची मान हलायला लागली. तालात नव्हती, बोटं वर गेली की मान वर, खाली आली की खाली. इतक्या वर्षांत हे आपल्याला दिसलं कसं नाही, असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात ठकू उठली, आजीचं बोट धरून ओढायला लागली. “अगं, अगं,” आई हसत उठली. ठकूनं तिला अँपपर्यंत आणलं, खाली बसवलं, आणि स्वतः अँपच्या लाकडावर गाल टेकवून दाखवला, जशी ती रोज उबेसाठी टेकवायची. मग आजीच्या गालाला हात लावून म्हणाली, “इथे.” “आई, गुडघे दुखतील तुमचे,” नवरा दारातून म्हणाला. आईनं ते ऐकलं नाही. तिनं नातीचं मन राखायला डोकं वाकवलं आणि कानामागचं हाड लाकडाला टेकवलं.

ती वाजवत होती. थांबायचं तिला सुचलंच नाही. आधी आईच्या चेहऱ्यावरचं ते तयार हसू गेलं. मग मान स्थिर झाली. डोळे बोटांवरून हलले, खिडकीकडे गेले, आणि मिटले. आईनं आपल्या वाजवण्याच्या वेळी कधी डोळे मिटले नव्हते, मिटून भागलंच नसतं. तिचा एक हात वर आला आणि लाकडावर सपाट ठेवला गेला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. ती वाजवत राहिली, तीच तीच चाल फिरवून फिरवून, कारण संपवली तर आई उठेल आणि छान म्हणेल, आणि ते आता सोसणार नाही असं तिला वाटत होतं. आईच्या कपाळावर एक आठी पडली. तिनं डोळे उघडले.

“एक तार उतरलीय गं,” आई म्हणाली.

तिचा हात थांबला.

“मधली. जाड नाही आणि अगदी बारीक पण नाही, ती. बेसूर लागतेय. मगापासून टोचतंय मला.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता, आणि त्यानं फक्त मान हलवली: हो, उतरलीय. सकाळी ठकूनं खुंट्यांशी खेळ केला असणार. तिनं ती तार एकटी छेडली, पुन्हा छेडली, शेजारच्या तारेबरोबर छेडली. तिला घुमणं ऐकू आलं. घुमण्याच्या आतलं ते टोचणारं टोक ऐकू आलं नाही. आई डोकं टेकवून वाट बघत होती, भुवया वर करून. तिनं खुंटी पिळली. “अजून,” आई म्हणाली. तिनं पिळली. “अजून थोडी. हं, गेली पुढे, घे मागे. किती गं धसमुसळी. मागे. तिथे. राहू दे.” एवढी सलग वाक्यं आई तिच्या गिटारविषयी उभ्या जन्मात बोलली नव्हती. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी तिला नवऱ्याचा चेहरा नीट दिसेना. ते बरंच झालं, तोंड उघडायला सोपं गेलं.

“मला कळलं नाही,” ती म्हणाली. “तार उतरलेली. मला आता कळतच नाही. व्हॉल्व्ह चांगल्याच होत्या.” आपण हळू बोललो की काय असं वाटून तिनं पुन्हा, मोठ्यानं, जे तिला ओरडणंच वाटलं अशा आवाजात सांगितलं, “मला ऐकू येत नाही नीट. ठकू झाल्यापासून. परवा ठकूनं हाक मारली, मी तिथेच होते, आणि मला ती ऐकू आली नाही.”

नवरा येऊन तिच्यासमोर खाली बसला, तिला त्याचं तोंड दिसेल असा. वंगणाचा वास आला. “दाखवायला जाऊ,” तो म्हणाला. “मी येतो. आईंनाही नेऊ.” मग म्हणाला, “आणि ठकू हाक मारते तेव्हा मी असतो की नाही घरात? तू वळली नाहीस की ती उड्या मारते. मी पाहिलंय. मला वाटलं खेळतेय.” त्याचा आवाज ह्या शेवटच्या शब्दांवर जरा फाटला, आणि तो तिला बरोबर ऐकू आला, कारण त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकलेला होता, की तो जवळ होता, की काय कोण जाणे. ती काहीतरी बोलणार होती. अजून पुष्कळ बोलायचं होतं, आईशीही, आईशी तर किती. पण आई त्या दोघांचे हलणारे ओठ बघत होती, डोकं अजून लाकडाला टेकलेलं, एका हातानं नातीचं डोकं अँपवर नीट टेकवून धरलेलं. तिच्या चेहऱ्यावर, सिनेमा ऐन रंगात असताना शेजारच्या खुर्चीतली माणसं कुजबुजायला लागली की येतो, तसा त्रासिकपणा आला होता.

“नंतर बोला ना तुम्ही,” आई म्हणाली, चांगली खणखणीत. “आधी वाजव.”